पीएचपीची मेमरी कोण खातंय? प्रवेशाच्या हंगामातला एक शोध

बारावीचा निकाल २१ मे २०२४ ला लागला आणि पुढच्याच आठवड्यात एका महाविद्यालयाची ऑनलाइन प्रवेश अर्जाची साइट संध्याकाळी बंद पडायला लागली. दिवसभर सगळं सुरळीत चालायचं. सात-आठच्या सुमारास मुलं आणि पालक घरी येऊन अर्ज भरायला बसले, की पडद्यावर ‘५०२ बॅड गेटवे’. कधी ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असा संदेश, तर कधी नुसतंच पांढरं पान. गुणपत्रिका अपलोड करताना साइट गेली, तर मुलाला कळत नाही की अर्ज पोहोचला की नाही. ते पुन्हा भरतं, पुन्हा अडकतं, आणि मुदतीची तारीख तर जवळ येत असते. म्हणून हे प्रकरण तडीस नेणं भाग होतं. साइटची देखभाल आमच्याकडे आहे, आणि अशाच लहान सर्व्हरवर काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं घडलं त्या क्रमाने लिहितोय.

सर्व्हर साधाच आहे. भाड्याचा व्हीपीएस (मोठ्या मशीनचा वेगळा काढून दिलेला हिस्सा), ४ जीबी रॅम, २ कोअर. उबुंटू २२.०४ ही लिनक्स, त्याच्याबरोबर येणारं पीएचपी ८.१ (साइटचा कोड या भाषेत आहे) एफपीएम पद्धतीने, म्हणजे एक मास्टर प्रोसेस आणि तिच्या हाताखाली विनंत्या हाताळणाऱ्या अनेक वर्कर प्रोसेस, पुढे ब्राउझरच्या विनंत्या घेणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स आणि त्याच मशीनवर डेटाबेससाठी मायएसक्यूएल ८. सेटिंगांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत आणि बहुतेक ठिकाणी शब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन असतात.

पहिल्याच रात्री होस्टिंग कंपनीकडे तिकीट टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं: रॅम पूर्ण वापरली जात आहे, ८ जीबीचा प्लॅन घ्या. महाविद्यालयाच्या कार्यालयाला हे कळवलं, तर खर्चाला मंजुरीसाठी तीन कोटेशन, प्राचार्यांची सही आणि मग लेखा विभागाची नोंद असा रस्ता होता. नव्या प्लॅनचे महिन्याला २,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,३६०. कोटेशन मागवायला लगेच सुरुवात केली, पण मंजुरीची वाट बघत बसणं शक्य नव्हतं. शिवाय रॅम कुठे जाते हे माहीत नसताना ती दुप्पट करून काय साधणार होतं?

अशा वेळी हमखास मिळणारा दुसरा सल्ला म्हणजे ‘मेमरी लिमिट वाढवा’. पीएचपीची मूळ मर्यादा १२८ एमबी असते, इथे ती आधीपासून ५१२ एमबी होती. तिला हात लावण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: प्रोसेस कोणी मारली? मेमरीमुळे होणाऱ्या क्रॅशचे तीन निरनिराळे प्रकार आहेत. तिन्हींच्या खुणा वेगळ्या लॉगमध्ये सापडतात आणि तिन्हींचे उपायही वेगळे असतात.

पहिला प्रकार पीएचपी स्वतःच करतं. स्क्रिप्टने मर्यादा ओलांडली की पीएचपीच्या एरर लॉगमध्ये ‘अलाउड मेमरी साइझ ऑफ ५३६८७०९१२ बाइट्स एक्झॉस्टेड’ अशी ओळ येते. ५३६८७०९१२ म्हणजेच ५१२ एमबी. स्क्रिप्ट संपते, पण वर्कर प्रोसेस जिवंत राहते आणि बघणाऱ्याला ५०० क्रमांकाची एरर किंवा कोरं पान दिसतं. या ओळीत पुढे कंसात ‘ट्राइड टू अलोकेट’ आणि एक आकडा असतो, तो आवर्जून वाचा. तो २०४८० सारखा लहान असेल तर मेमरी थेंबाथेंबाने भरत गेली आहे. तो कोट्यवधींच्या घरात असेल तर एकाच फटक्यात काहीतरी मोठं मागितलं गेलं: अख्खी फाइल वाचली किंवा मोठा अॅरे दुप्पट झाला. दिलेला लाइन नंबर शेवटची मागणी कुठे झाली तेवढंच सांगतो, आधीची सगळी मेमरी दुसऱ्याच फंक्शनने अडवलेली असू शकते. याच्यासारखीच दिसणारी दुसरी ओळ ‘आउट ऑफ मेमरी’ने सुरू होते आणि तिच्यात ‘अलोकेटेड’ असा शब्द असतो. तिचा अर्थ असा, की पीएचपीची मर्यादा शिल्लक होती पण ऑपरेटिंग सिस्टिमनेच मेमरी नाकारली. शेअर्ड होस्टिंगवर ही दिसली, तर मेमरी लिमिट वाढवून काहीही होत नाही.

दुसऱ्या प्रकारात लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोसेस मारतो. मशीनची रॅम संपली की ओओएम किलर (‘आउट ऑफ मेमरी’ झाल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) जागा होतो, सर्वात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस निवडतो आणि तिला सिग्नल ९ पाठवतो. पीएचपीला शेवटची ओळ लिहायचीही संधी मिळत नाही, त्यामुळे पीएचपीचा एरर लॉग स्वच्छ राहतो. एफपीएमच्या लॉगमध्ये ‘चाइल्ड अमुक एक्झिटेड ऑन सिग्नल ९’ आणि एनजिनएक्सच्या लॉगमध्ये ‘कनेक्शन रीसेट बाय पिअर’ एवढंच सापडतं. खरी नोंद कर्नलच्या लॉगमध्ये असते.

तिसरा प्रकार सिग्नल ११, म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. इथे रॅम भरपूर मोकळी असतानाही प्रोसेस पडते, कारण तिने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावलेला असतो. एखाद्या एक्स्टेंशनमधला (पीएचपीच्या जोड भागातला) दोष किंवा न संपणारं रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणं) ही नेहमीची कारणं.

एनजिनएक्सच्या लॉगमधून ५०२ ची वेळ घ्यायची, आणि त्याच मिनिटाला एफपीएमचा लॉग, पीएचपीचा एरर लॉग आणि कर्नलचा लॉग शेजारी ठेवून बघायचे, एवढंच पहिल्या दिवशी केलं. कर्नलच्या लॉगसाठी ‘जर्नलसीटीएल’ला ‘के’ हा पर्याय द्यायचा. ‘डीमेसग’ वापरलं तर ‘टी’ पर्याय द्या, नाहीतर वेळेऐवजी मशीन सुरू झाल्यापासूनचे सेकंद दिसतात. तिथे ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ अशा ओळी सापडल्या. काही ठिकाणी मारलेल्या प्रोसेसचं नाव पीएचपी-एफपीएम होतं, काही ठिकाणी मायएसक्यूएल. डेटाबेसचा संदेश कधीकधीच का येतो याचं उत्तर तिथे मिळालं. मायएसक्यूएलची चूक काहीच नव्हती. त्या क्षणी तिने सर्वात जास्त मेमरी धरलेली होती, म्हणून बळी तिचा गेला.

त्याच लॉगमध्ये अजून एक गोष्ट कळली आणि ती फार जणांना माहीत नसावी. ओओएम किलरने एफपीएमचा एकच वर्कर मारला होता, पण त्यानंतर सिस्टिमडीने (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेने) अख्खी पीएचपी सेवा बंद केली होती. सिस्टिमडीत ‘ओओएम पॉलिसी’ नावाचं सेटिंग असतं आणि त्याची मूळ किंमत ‘स्टॉप’ आहे: सेवेतली एक प्रोसेस मेमरीअभावी मारली गेली की पूर्ण सेवा थांबवा. त्यामुळे एका मुलाच्या अपलोडने साइट सगळ्यांसाठीच बंद पडत होती आणि कोणी हाताने सुरू करेपर्यंत तशीच राहत होती. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने पीएचपी-एफपीएमच्या सेवेत ओओएम पॉलिसी ‘कंटिन्यू’ केली. ‘सर्व्हिस’ या विभागात एक ओळ लिहायची आणि सेवा रीस्टार्ट करायची. मारला गेलेला वर्कर एफपीएमचा मास्टर प्रोसेस स्वतःच बदलतो.

मग एफपीएमच्या पूलची, म्हणजे वर्करांच्या गटाची, सेटिंग फाइल उघडली. ‘पीएम मॅक्स चिल्ड्रन’, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वर्कर, ४० होतं. ४० वर्कर आणि प्रत्येकाला ५१२ एमबीची मुभा, म्हणजे कागदावर २० जीबी, आणि मशीन ४ जीबीचं. हा आकडा बहुधा अशाच एखाद्या हंगामात वाढलेला असतो. मूळ किंमत ५ असते, गर्दी झाली की लॉगमध्ये ‘मॅक्स चिल्ड्रनची मर्यादा गाठली, वाढवण्याचा विचार करा’ अशी सूचना येते, आणि ती सूचना मशीनमध्ये रॅम किती आहे हे न बघताच दिलेली असते. आम्ही तो लगेच १२ वर आणला. त्याचबरोबर २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बनवली. फाइलला ६०० परवानगी, ‘एमकेस्वॅप’, ‘स्वॅपऑन’, आणि रीबूटनंतरही टिकावी म्हणून ‘एफएसटॅब’मध्ये नोंद. ‘स्वॅपिनेस’ १० ठेवलं, म्हणजे अगदी गरज पडल्याशिवाय कर्नल तिकडे फिरकत नाही.

त्या संध्याकाळी साइट पडली नाही. पण आठच्या गर्दीत काही जणांना ५०४ मिळू लागलं, कारण १२ वर्कर व्यस्त असताना बाकीच्या विनंत्या रांगेत थांबत होत्या आणि एनजिनएक्स ६० सेकंदांनी वाट बघणं सोडत होता. पडण्यापेक्षा थांबणं बरं, हे खरं. तरी मोबाइलच्या डेटावर तालुक्याच्या गावाहून अर्ज भरणाऱ्या मुलीला दोन्ही सारखंच.

आता मोजमाप. एफपीएमच्या पूलमध्ये ‘अॅक्सेस लॉग’ सुरू करता येतो आणि त्याच्या फॉरमॅटमध्ये मोठा ‘एम’ वापरला, तर प्रत्येक विनंतीने जास्तीत जास्त किती मेमरी घेतली ते लिहिलं जातं. कंसात ‘मेगा’ दिलं की आकडा थेट एमबीमध्ये येतो. कोडमध्ये एकही ओळ न बदलता ही माहिती मिळते, त्यामुळे सुरुवात इथूनच करावी. दोन दिवसांचा लॉग आकड्यांच्या उतरत्या क्रमाने लावला. कार्यालयाचं एक्सेल डाउनलोड सर्वात वर, ५०० एमबीच्या आसपास. बाकी सगळी पानं ४ ते २० एमबी. फोटो आणि गुणपत्रिका अपलोडचं पान अवघं ८ एमबी.

गोंधळ इथेच होता. कार्यालय संध्याकाळी बंद असतं, एक्सेल कोणी काढत नाही. मग सात वाजता रॅम कोण खातंय?

पीएचपीच्या आतल्या आकड्यावर विसंबायचं सोडून प्रोसेस बाहेरून मोजली. ‘पीएस’ या कमांडला आरएसएसप्रमाणे (प्रोसेसने प्रत्यक्ष धरलेल्या रॅमप्रमाणे) क्रम लावायला सांगितलं, की कोणता वर्कर किती रॅम धरून आहे ते दिसतं. प्रत्येक प्रोसेसच्या ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये ‘व्हीएमएचडब्ल्यूएम’ नावाची ओळ असते. ती त्या प्रोसेसने आजवर गाठलेला उच्चांक सांगते. उच्चांक नेमका कधी गाठला हे पकडत बसावं लागत नाही, म्हणून ही ओळ मोलाची. संध्याकाळी काही वर्करांचा हा उच्चांक ४०० एमबीच्या पुढे होता, आणि अॅक्सेस लॉगमध्ये त्याच वर्करांच्या विनंत्या ८ एमबीच्या.

हा फरक पडतो, कारण मेमरी लिमिट फक्त पीएचपीच्या स्वतःच्या अलोकेटरने (मेमरी वाटणाऱ्या भागाने) दिलेली मेमरी मोजतं. बाहेरच्या सी लायब्ररीने थेट सिस्टिमकडून घेतलेली मेमरी त्या हिशोबात धरलीच जात नाही. पीएचपीच्या सोर्सबरोबर येणारी जीडी ही चित्रं हाताळणारी लायब्ररी वापरली तर चित्रांची मेमरी मोजली जाते. डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेजमध्ये मात्र सिस्टिमची वेगळी जीडी जोडलेली असते, तिची मेमरी मोजली जात नाही. इमेजमॅजिक ही चित्रांची दुसरी लायब्ररी पीएचपीला जोडणाऱ्या इमॅजिक एक्स्टेंशनचंही तेच. म्हणजे ५१२ एमबीचं कुंपण होतं, पण फोटो त्याच्या बाहेरून जात होते.

फोटोचा हिशोब साधा आहे. जेपेग उघडला की जीडी प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट देते. फाइल डिस्कवर किती एमबीची आहे याने फरक पडत नाही. ५० मेगापिक्सेलच्या फोनचा पूर्ण आकाराचा फोटो ८१६० बाय ६१२० असतो. म्हणजे ४,९९,३९,२०० पिक्सेल, गुणिले ४, साधारण १९० एमबी. गुणपत्रिकेचे फोटो आडवे-उभे कसेही काढलेले असतात, म्हणून कोडमध्ये आधी फोटो फिरवला जात होता, आणि फिरवताना तेवढीच दुसरी प्रत तयार होते. ३८० एमबी. त्यानंतर तो लहान केला जात होता. असे पाच-सहा जण एकाच मिनिटाला आले की २ जीबी संपले, आणि मायएसक्यूएल १.३ जीबी घेऊन शेजारी बसलेलीच आहे.

चित्र मोकळं केल्यावरही वर्करचा आरएसएस नेहमीच खाली येत नव्हता. जीडी चित्राची प्रत्येक आडवी ओळ वेगळी मागते. ८१६० पिक्सेलची ओळ म्हणजे ३२,६४० बाइट. ग्लिबसीच्या (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या) हिशोबात ही लहान मागणी, ती प्रोसेसच्या हीपमधूनच (तिच्याकडे असलेल्या मेमरीच्या साठ्यातूनच) पुरी होते आणि वर दुसरं काही अडकलं असेल तर सिस्टिमला परत जात नाही. त्यामुळे एक मोठा फोटो येऊन गेला की तो वर्कर पुढे दिवसभर फुगलेलाच राहू शकतो. ‘पीएम मॅक्स रिक्वेस्ट्स’ची मूळ किंमत ० आहे, म्हणजे वर्कर कधीच बदलत नाही. ती ५०० केली: इतक्या विनंत्या झाल्या की वर्कर संपतो आणि ताजा येतो. गळती यामुळे दुरुस्त होत नाही, पण तिला हद्द पडते.

कोडमध्ये केलेले बदल थोडे होते. आधी लहान करायचं, मग फिरवायचं. नुसता क्रम बदलल्याने दुसरे १९० एमबी वाचले. चित्र उघडण्याआधी ‘गेटइमेजसाइझ’ने लांबी-रुंदी बघायची. ते फंक्शन फक्त फाइलचा हेडर वाचतं, पिक्सेल उलगडत नाही. गुणाकार १ कोटी ६० लाख पिक्सेलच्या वर गेला तर जीडीकडे द्यायचंच नाही. जुन्या कोडमध्ये ‘इमेजडिस्ट्रॉय’ ठिकठिकाणी होतं. पीएचपी ८.० पासून त्याचा काही परिणाम होत नाही, कारण जीडीचं चित्र आता ऑब्जेक्ट असतं. व्हेरिएबल ‘अनसेट’ केलं किंवा ते वापरणारं फंक्शन संपलं, की मेमरी सुटते.

मोठे फोटो नाकारणं मनाला पटत नव्हतं. फोनमधला फोटो लहान कसा करायचा हे ज्या पालकांना माहीत नाही, त्यांना ‘आकार जास्त आहे’ असं सांगून काय उपयोग? म्हणून फोटो ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर लहान करून पाठवायची सोय केली. लांब बाजू २,००० पिक्सेल. ए४ आकाराच्या गुणपत्रिकेला त्यात इंचामागे साधारण १७० ठिपके मिळतात, छापलेले गुण आणि शिक्का स्वच्छ वाचता येतात. अपलोडही झपाट्याने होऊ लागलं, आणि कमजोर नेटवर्कवर त्याचाच फायदा जास्त झाला. ज्यांच्या ब्राउझरमध्ये हे चालत नाही, त्यांचा फोटो मूळ रूपात एका फोल्डरमध्ये जातो आणि मागे चालणारा एकच वर्कर इमेजमॅजिकने एकेक करून उरकतो. तिथे ‘जेपेग साइझ’ हा डिफाइन जरूर द्या. तो दिला की जेपेग उलगडतानाच लहान आकारात उलगडला जातो, आणि बाजू अर्धी झाली की मेमरी चौथाईवर येते. न दिल्यास इमेजमॅजिकच्या क्यू१६ बांधणीत एका पिक्सेलला ८ बाइट लागतात, जीडीच्या दुप्पट.

त्याच वेळी पूलही दोन केले. अपलोडच्या पानासाठी वेगळा पूल, वेगळा सॉकेट (एनजिनएक्स आणि पूल यांना जोडणारी वाट), फक्त २ वर्कर. एनजिनएक्सच्या एका ‘लोकेशन’ ब्लॉकमधून तिकडची वाट दिली. बाकी साइटचा पूल वेगळा. आता फोटोंची कितीही रांग लागली तरी शुल्क भरण्याचं पान उघडतं.

साध्या पूलमध्ये वर्कर किती ठेवायचे, हे ठरवताना आरएसएसची बेरीज करू नका. ओपीकॅशची (पीएचपीचा तयार कोड साठवून ठेवणाऱ्या भागाची) मेमरी सगळ्या वर्करांत सामाईक असते, तिची मूळ मर्यादा १२८ एमबी, आणि आरएसएसमध्ये तिचा वापरलेला भाग प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजला जातो. ‘प्रॉक’मधल्या ‘स्मॅप्स रोलअप’ फाइलमध्ये ‘पीएसएस’ असते, ती सामाईक भाग वाटून धरते. आमच्याकडे बदलांनंतर ती भर गर्दीत ४५ ते ६० एमबी निघाली. हिशोब असा मांडला: ४,०९६ मधून मायएसक्यूएलचे १,३००, सिस्टिम आणि एनजिनएक्सचे ४००, राखीव ४००, अपलोड पूलचे ५००. उरले साधारण १,५००. भागिले ६०, म्हणजे २५. ठेवले २०. ‘पीएम स्टेटस पाथ’ सुरू करून ‘मॅक्स लिसन क्यू’ (रांग जास्तीत जास्त किती लांबली) आणि ‘मॅक्स चिल्ड्रन रीच्ड’ (वर्करांची मर्यादा किती वेळा गाठली) हे दोन आकडे रोज संध्याकाळी बघत राहिलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ५०२ आणि ५०४ दोन्ही थांबले.

मग कार्यालयाकडे वळलो. तिथून तक्रार अशी होती, की अर्जांची संख्या वाढत गेली तशी एक्सेल फाइल उतरायचीच बंद झाली. हा पहिल्या प्रकारचा, पीएचपीच्या मर्यादेचा क्रॅश. एक्सेल बनवायला पीएचपीस्प्रेडशीट लायब्ररी होती. तिच्या स्वतःच्या दस्तऐवजात ६४ बिट पीएचपीवर एका सेलला सरासरी १.६ केबी लागतात असं दिलेलं आहे. ६,००० अर्ज आणि प्रत्येकी ६० रकाने, म्हणजे ३,६०,००० सेल, म्हणजे साधारण ५६० एमबी. मर्यादा ५१२ ची. मर्यादा वाढवली असती तर ती १०२४ केली तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि तोपर्यंत एका डाउनलोडने मशीनची चौथाई रॅम अडवली असती.

कार्यालयाला रंग, सूत्रं, विलीन केलेले सेल यातलं काहीच लागत नव्हतं, हे विचारल्यावर कळलं. म्हणून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल. ‘एफपुटसीएसव्ही’ने एकेक ओळ थेट आउटपुटवर लिहायची. पण एवढ्याने मेमरी पुरती उतरत नाही, कारण मायएसक्यूएलचा पीएचपी ड्रायव्हर मुळात सगळा निकाल आधी मेमरीत आणून ठेवतो आणि ती मेमरी पीएचपीच्या मर्यादेत धरली जाते. पीडीओमध्ये (डेटाबेसशी बोलायच्या पीएचपीच्या सोयीत) ‘यूझ बफर्ड क्वेरी’ हा गुणधर्म ‘फॉल्स’ करावा लागतो. त्याची एक अट आहे: त्या कनेक्शनवरच्या सगळ्या ओळी वाचून होईपर्यंत दुसरी क्वेरी चालवता येत नाही, २०१४ क्रमांकाची एरर येते. आमच्याकडे प्रत्येक अर्जासाठी विषयांची वेगळी क्वेरी होती, ती जॉइन वापरून मूळ क्वेरीतच आणली. आता तीच फाइल ६ एमबीत होते.

फाइल उघडल्यावर एक्सेलमध्ये मराठी नावांच्या जागी विचित्र अक्षरं दिसू लागली. सीएसव्ही यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला कळावं म्हणून फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएमचे तीन बाइट लिहावे लागतात. ते लिहिल्यावर नावं, आडनावं, गावं सगळी नीट आली.

गुणवत्ता यादी बनवणारी रात्रीची क्रॉन स्क्रिप्टही (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) याच वेळी तपासली. डेबियन आणि उबुंटूमध्ये कमांड लाइनच्या पीएचपीची कॉन्फिग फाइल वेगळी असते आणि तिच्यात मेमरी लिमिट उणे १, म्हणजे अमर्याद. अशी स्क्रिप्ट फुगली तर पहिल्या प्रकारची सौम्य एरर न येता थेट ओओएम किलर येतो, आणि पहाटे डेटाबेस बंद सापडतो. क्रॉनच्या ओळीतच ‘डी’ पर्यायाने २५६ एमबीची मर्यादा दिली. मर्यादा लिहिताना के, एम किंवा जी यांपैकी एकच अक्षर आकड्याच्या शेवटी द्या. त्याच्या पुढे ‘बी’ लावला तर ती किंमत एमबी धरली जात नाही.

एवढं झाल्यावरही एफपीएमच्या लॉगमध्ये अधूनमधून सिग्नल ११ दिसत होता. क्वचितच, आणि रॅम अर्धी मोकळी असताना. ज्या मुलाच्या बाबतीत तो यायचा, त्याच्या बाबतीत प्रत्येक वेळी यायचा, ही खूण महत्त्वाची होती. कोड सगळ्यांना तोच, म्हणजे कारण त्या मुलाच्या निवडीत किंवा डेटात असणार.

इथे कोअर डम्पशिवाय, म्हणजे प्रोसेस पडली त्या क्षणीची मेमरी फाइलमध्ये उतरवल्याशिवाय, पर्याय नाही. पूलच्या फाइलमध्ये ‘आरलिमिट कोअर’ अनलिमिटेड आणि ‘प्रोसेस डम्पेबल’ येस केलं. कर्नलच्या ‘कोअर पॅटर्न’ला असा फोल्डर दिला, जिथे वेब सर्व्हरचा युजर लिहू शकतो, उबुंटूमध्ये ही जागा क्रॅश नोंदवणाऱ्या अॅपोर्टने घेतलेली असते, तेवढ्यापुरती ती बदलावी लागते. पीएचपीची डीबग सिम्बॉल पॅकेजं उबुंटूच्या वेगळ्या भांडारात असतात, ती बसवली. पुढचा क्रॅश येईपर्यंत वाट बघायची. कोअर फाइल मोठी असते, डिस्कवर जागा आहे ना हे आधी बघून घ्या. आणि तिच्यात त्या क्षणीची सगळी मेमरी असते: मुलांची नावं, पत्ते, डेटाबेसचा पासवर्ड. काम झालं की ती पुसायची आणि सेटिंग परत बंद करायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

फाइल मिळाल्यावर जीडीबी या डीबगरमध्ये उघडून बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची साखळी, मागितला. अॅरे मॅप, कॉल फंक्शन, एक्झिक्यूट, पुन्हा अॅरे मॅप, हाच क्रम हजारो फ्रेम खाली जात होता. न संपणारं रिकर्शन. पीएचपी ७ पासून साध्या फंक्शनने स्वतःला बोलावलं तर ती साखळी पीएचपीच्या हीपवर वाढते आणि मेमरी लिमिटवर येऊन थांबते, नीट एरर मिळते. मधे ‘अॅरे मॅप’सारखं अंगभूत फंक्शन किंवा ‘गेट’सारखी मॅजिक मेथड आली, की प्रत्येक फेरी सीच्या स्टॅकवर (फंक्शनच्या बोलावण्यांसाठी राखलेल्या मर्यादित मेमरीवर) चढते. हा स्टॅक लिनक्सवर सहसा ८ एमबीचा असतो. तो संपला की सिग्नल ११. डेटाबेसमध्ये बघितलं, तर ऐच्छिक विषयांच्या एका गटाचा ‘पालक गट’ म्हणून तोच गट नोंदलेला होता. तो गट निवडणारं प्रत्येक मूल अडकत होतं. नोंद दुरुस्त केली, आणि भेट दिलेल्या गटांची यादी ठेवून तोच गट पुन्हा आला तर थांबायचं, असा बदल कोडमध्ये केला. त्या मुलांना कार्यालयातून फोन करून अर्ज पुन्हा भरायला सांगितलं. मुदत अजून होती.

८ जीबीच्या प्लॅनची मंजुरी जुलैमध्ये आली. तोवर जुनं मशीन नीट चालत होतं, म्हणून तो पैसा वेगळ्या कामाला लावायचं कार्यालयाशी बोलून ठरवलं: उबुंटू २४.०४ चा नवा सर्व्हर, पीएचपी ८.३ सह, आणि आकार तोच ४ जीबी. पीएचपी ८.३ मध्ये स्टॅकच्या खोलीवर लक्ष ठेवलं जातं, त्यामुळे असं रिकर्शन झालं तर प्रोसेस मरण्याऐवजी ‘इन्फिनिट रिकर्शन?’ असं विचारणारी एरर फाइल आणि ओळीसकट लॉगमध्ये येते. कोअर डम्पची सगळी खटपट वाचते. जुन्या मशीनवरच अपग्रेड केलं नाही, कारण एका एलटीएसवरून (उबुंटूच्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवरून) पुढच्या एलटीएसवर जाण्याची वाट पहिली पॉइंट आवृत्ती आल्यावर उघडते, ती ऑगस्टच्या अखेरीस आली. शिवाय हंगामात चालतं मशीन हलवायचं नव्हतं. दोन सर्व्हर काही आठवडे शेजारी चालवले, महिन्याचं भाडं दोनदा गेलं, ते मंजूर रकमेत बसलं.

८.१ वरून ८.३ वर जाताना एरर लॉग अचानक वाढतो. वर्गात न जाहीर केलेली प्रॉपर्टी वापरली की ८.२ पासून ‘डेप्रिकेटेड’ अशी ओळ येते, आणि जुन्या कोडमध्ये अशा जागा शेकड्यांनी निघू शकतात. लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप हटवणारं साधन) आधी तपासून घ्या, नाहीतर मेमरी सांभाळता सांभाळता डिस्क भरेल. त्याच आवृत्तीपासून क्रमाने लावलेल्या अॅरेला एका घटकामागे ३२ ऐवजी १६ बाइट लागतात. १० लाख पूर्णांकांचा अॅरे पूर्वी ३२ एमबी घ्यायचा, आता १६ घेतो.

एफपीएमचा अॅक्सेस लॉग नव्या सर्व्हरवरही मेमरीच्या आकड्यासह चालू ठेवला आहे. चाचणीच्या फोल्डरमध्ये ८१६० बाय ६१२० चा एक फोटो आणि ६,००० बनावट अर्ज भरलेला एक डेटाबेस ठेवलाय. कोडमध्ये काहीही बदललं, की तो फोटो ब्राउझरमधली सोय बंद करून चढवायचा, यादी उतरवायची आणि वर्करांची ‘व्हीएमएचडब्ल्यूएम’ ओळ वाचायची. अपलोड पूलमध्ये ती २५० एमबीच्या वर गेली तर तो बदल लाइव्ह सर्व्हरवर जात नाही.